नजर चुकली तरी

भालकी असो की आळंद, औराद असो की बसवकल्याण, रांगत्या-चालत्या लेकराला घरात काही झालं की जमलेल्या माणसांच्या तोंडून पहिला प्रश्न एकच निघतो : आईचं लक्ष कुठं होतं? लेकरू आधणाच्या पाण्यानं भाजलेलं असो, अंगणातल्या हौदात पडलेलं असो, की फवारणीच्या बाटलीला तोंड लावून बसलेलं असो, प्रश्न बदलत नाही. त्या प्रश्नातच निकाल दिलेला असतो आणि निकाल लागला की चौकशी संपते. हौदाला झाकण का नव्हतं, कढत पाण्याचा हंडा जमिनीवर का होता, विषाची बाटली खालच्या फडताळात कुणी ठेवली, हे विचारायचं राहून जातं. पुढच्या गल्लीतला हौद तसाच उघडा राहतो. एक ते तीन वर्षांच्या मुलाचं रक्षण फक्त मोठ्या माणसाच्या नजरेवर सोपवणं ही मुळातच कच्ची व्यवस्था आहे, असं माझं म्हणणं आहे. नजर हवीच, पण ती कधी ना कधी चुकणार असं धरून घर रचायला हवं. घर तसं रचलं नसेल, तर आईला बोल लावण्याचा अधिकार कुणालाही नाही.

या वयाचं मूल मोठ्यांना वाटतं त्याहून फार वेगळं असतं. दोन वर्षांच्या मुलाची उंची सरासरी ८६-८७ सेंटिमीटर भरते. स्वयंपाकाचा ओटा साधारण ८० ते ८५ सेंटिमीटर असतो. म्हणजे ओट्यावर काय आहे हे त्याला धड दिसत नाही, पण हात वर केला की कडेचं पातेलं मात्र हाताला लागतं. त्याचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. जन्मतः डोकं शरीराच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं, मोठ्या माणसात ते जेमतेम आठवा हिस्सा उरतं. म्हणून बादलीत वाकून पाहणारं मूल तोल जाऊन डोक्यावर आत पडतं आणि हातांत स्वतःला वर उचलण्याइतकं बळ नसतं. अशा वेळी दोन-तीन इंच पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. बुडणारं मूल ओरडतं, हातपाय आपटतं, ही सिनेमातली समजूत आहे. नाकातोंडात पाणी गेलेल्या मुलाला ओरडायला श्वासच उरत नाही, आणि पलीकडच्या खोलीत पीठ मळणाऱ्या बाईला काहीही ऐकू येत नाही. त्यात मूल रोज बदलत असतं. आठव्या-नवव्या महिन्यात रांगतं, वर्षाच्या आसपास उभं राहतं, दीड वर्षाचं होता होता खुर्चीवर चढतं. काल त्याच्या हाताला न लागणारी वस्तू आज लागते आणि हा बदल आईबापांना बहुतेक वेळा अपघात झाल्यावरच कळतो. ‘त्याला सांगून ठेवलंय’ या भरवशाला या वयात अर्थ नाही. ‘नको’ हा शब्द दीड वर्षाच्या मुलाला कळतो, पण तो तासाभरानं, एकट्यानं असताना, नवी वस्तू समोर दिसल्यावर आठवून पाळणं त्याच्या मेंदूला अजून जमत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००८ साली मुलांच्या अपघाती इजांवर मोठा अहवाल काढला. जगात रोज दोन हजारांहून अधिक मुलं अपघातानं दगावतात आणि त्यांतली पंच्याण्णव टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात, असं त्यात नोंदवलं आहे. मला त्या अहवालाचं दुसरं म्हणणं जास्त महत्त्वाचं वाटतं : यांतले निम्मे मृत्यू तरी आज माहीत असलेल्या साध्या उपायांनी टळू शकतात. हे साधे उपाय शोधणारं शास्त्र फार जुनं नाही. अमेरिकेतले डॉक्टर विल्यम हॅडन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत त्याला शिस्त लावली. अपघाताला नशीब किंवा निष्काळजीपणा न म्हणता रोगासारखं तपासा, असं त्यांचं सांगणं होतं. इजा करणारी गोष्ट म्हणजे ऊर्जा : उष्णता, वीज, पडण्याचा वेग, विषाचं रसायन. ती ऊर्जा मुलापर्यंत पोचण्याची वाट कुठं तोडता येईल ते पाहा. आणि ज्या उपायासाठी माणसाला दर वेळी लक्षात ठेवून काही करावं लागतं त्यापेक्षा एकदाच करून सोडून देता येणारा उपाय जास्त टिकतो, यावर त्यांचा भर होता.

हे तत्त्व कागदावरच राहिलं नाही. १९७२ साली न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यानं ‘चिल्ड्रन कान्ट फ्लाय’ नावाची मोहीम ब्राँक्स भागात सुरू केली. उंच इमारतींच्या खिडक्यांतून लहान मुलं पडून मरत होती. ‘मुलांना खिडकीजवळ जाऊ देऊ नका’ असं सांगणं आधीपासून चालू होतंच. या मोहिमेत सांगण्याच्या जोडीला खिडक्यांचे गज फुकट दिले गेले. दोन-तीन वर्षांत त्या भागातलं मुलांचं खिडकीतून पडणं निम्म्यावर आलं आणि १९७६ साली लहान मुलं राहतात त्या घरांत घरमालकानं गज बसवावेत असा नियमच झाला. कॅनडातल्या विंडसर शहरात डॉ. हेन्री ब्रो यांनी औषधं गिळलेली मुलं वर्षानुवर्षं तपासली. १९६७ साली त्यांनी दाबून फिरवल्याशिवाय न उघडणारं बाटलीचं झाकण प्रचारात आणलं, आणि त्या भागातल्या मुलांच्या विषबाधा नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. आपल्याला सगळ्यांत जवळचं उदाहरण श्रीलंकेचं आहे. तिथं रॉकेलच्या बाटलीत वात घालून केलेले दिवे कलंडून माणसं आणि मुलं भाजत. विजय गोडकुंबुरा या शल्यचिकित्सकानं बुटका, जड, दोन बाजूंनी चपटा आणि फिरकीच्या झाकणाचा दिवा तयार केला. तो सहसा कलंडत नाही, कलंडला तर गडगडत नाही, आणि तेल सांडत नाही. या कामासाठी १९९८ साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. या तिन्ही ठिकाणी आया एका रात्रीत जास्त सावध झाल्या नव्हत्या. वस्तू बदलली, आणि मुलं वाचली.

आता आपल्या घरांकडे यावं. बिदर आणि कलबुर्गीच्या सीमाभागात दोन तऱ्हेची घरं दिसतात. एक जुनं : जाड भिंतींचं, माळवदाचं, दगडी पायऱ्यांचं, अंगणात हौद किंवा आड असलेलं. दुसरं नवं : स्लॅबचं, शहाबादी फरशीचं किंवा टाइल्सचं, गच्चीवर जाणाऱ्या अरुंद जिन्याचं आणि जमिनीखाली पाण्याची टाकी खणलेलं, जिला इकडे सगळे संप म्हणतात. दोन्हींत सर्वांत मोठा धोका एकच आहे, तो म्हणजे साठवलेलं पाणी. ही साठवण कुणी हौसेनं करत नाही. उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, कुठं टँकर येतो, आणि घरात जेवढी भांडी आहेत तेवढी भरून ठेवावी लागतात : टिपाड, रांजण, बादल्या, घागरी, न्हाणीतला हौद. पाणी जितकं दुर्मिळ तितकं ते घरात जास्त उघडं पडतं. त्यामुळे बुडण्याचा धोका नदीकाठच्यांनाच असतो ही समजूत आपल्या भागात मुलांच्या जिवावर उठणारी आहे. भीमेपासून वीस मैल दूर असलेल्या घरातही मूल बुडू शकतं, आणि तेही न्हाणीत.

संपाचं झाकण हा यातला कळीचा मुद्दा. बहुतेक संपांना लोखंडी पत्र्याचं किंवा दगडी फरशीचं झाकण असतं आणि ते जड असल्यानं मुलाला उचलत नाही. पण पाणी येण्याच्या वेळी, मोटारीचा पाइप सोडताना, टँकर रिकामा होताना ते झाकण बाजूला सरकवलेलं असतं. नेमकी तेव्हाच घरातली सगळी माणसं पाण्याच्या घाईत असतात. ‘तेव्हा लक्ष ठेवा’ हा सल्ला इथंच निकामी ठरतो. उपाय असा की झाकणाखाली, तोंडावर पक्की लोखंडी जाळी बसवून घ्यावी आणि पाइप जाईल एवढंच भोक तिला ठेवावं. झाकण तासभर उघडं राहिलं तरी मूल आत पडत नाही. गावातला वेल्डिंगवाला हे काम अर्ध्या दिवसात करतो. टिपाडाला फिरकीचं किंवा कडीचं झाकण आणि खाली तोटी असावी, म्हणजे पाणी काढायला झाकण उघडावंच लागत नाही. रांजणालाही तोटी बसते. बादली वापरून झाली की पालथी घालणं ही सवय आहे, रचना नव्हे, म्हणून ती चुकणार. तिच्या मागे न्हाणीच्या दाराला वरच्या अंगाला कडी हवी. परसातल्या विहिरीचा कठडा निदान मुलाच्या छातीच्या वर असावा आणि त्याला टेकून पाटा, ओंडका, सायकल असं चढायला काही ठेवू नये.

बोअरवेलचा प्रश्न घराबाहेरचा वाटतो, पण शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबांना तो अंगणातलाच आहे. २००६ साली हरियाणात कुरुक्षेत्राजवळ बोअरवेलमध्ये पडलेल्या मुलाला दोन दिवसांनी जिवंत काढलं तेव्हा सारा देश दूरचित्रवाणीसमोर बसला होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये कलबुर्गीला लागून असलेल्या विजयपूर जिल्ह्यात, इंडी तालुक्यातल्या लच्याण गावी, नुकत्याच खणलेल्या बोअरवेलमध्ये एक चिमुकलं उलटं पडलं. सुमारे वीस तासांच्या खटपटीनंतर ते सुखरूप बाहेर आलं. दर वेळी बचाव पथकांचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. पण सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच या बाबतीत स्पष्ट आदेश दिले आहेत. बोअर मारण्याआधी पंधरा दिवस लेखी कळवायचं, कामाच्या जागी कुंपण आणि फलक लावायचा, नळीभोवती काँक्रीटचा चौथरा बांधायचा, तोंडावर लोखंडी पट्टी वेल्ड करून किंवा नटबोल्टनं टोपण बसवायचं, आणि पाणी न लागलेली बोअर माती-दगडांनी तळापासून जमिनीपर्यंत भरून टाकायची. यातली टोपण बसवण्याची गोष्ट मशीन हलण्याआधीच, त्याच दिवशी व्हायला हवी. पाणी लागलं, मोटार उद्या येणार आहे, एवढ्या एका रात्रीच्या ढिलाईत मूल जाऊ शकतं.

पाण्याच्या खालोखाल धोका कढत पाण्याचा. भाजणं म्हटलं की डोळ्यांसमोर ज्वाळा येतात, पण या वयातली मुलं ज्वाळेपेक्षा पातळ पदार्थांनीच अधिक भाजतात : आंघोळीचं पाणी, चहा, आमटी, वरण. साठ अंश तापलेलं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, आणि मुलाची कातडी पातळ असल्यानं त्याला तेवढाही वेळ लागत नाही. हेच पाणी पन्नासच्या आत असेल तर तशा भाजण्याला काही मिनिटं लागतात, म्हणजे मुलाला बाहेर ओढायला वेळ मिळतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं १९८३ साली नवे गीझर सुमारे ४९ अंशांवर लावूनच विकायला लावले ते याच हिशेबानं. आपल्याकडे गीझर थोड्यांकडे असतो. बाकीच्या घरांत हंडा चुलीवर तापतो किंवा बादलीत विजेची रॉड सोडतात. रॉडची बादली जमिनीवर, वाटेत, वायर लोंबकळती : यात भाजणं आणि शॉक दोन्ही एकाच जागी मांडून ठेवलेले असतात. मूल असलेल्या घरातून ही रॉड काढून टाकावी, असं मी ठामपणे म्हणेन. ते शक्य नसेल तर रॉडची बादली दाराला वरून कडी असलेल्या खोलीतच असावी. हंड्यातून पाणी काढताना बादलीत आधी गार पाणी ओतावं आणि मग कढत. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आधी कढत ओततात, मग विसण घालतात, आणि मधल्या मिनिटात बादली मुलासमोर कढत उभी असते.

चुलीचं काय? जमिनीवरची चूल मुलाच्या पातळीवर असते. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाल्यापासून गॅस खूप घरांत पोचला, पण सिलिंडर संपला की, भाकरीचा घाणा मोठा असला की, आंघोळीचं पाणी तापवायचं असलं की चूल पुन्हा पेटते. चूल दोन-अडीच फूट उंच कट्ट्यावर घेणं हा जुनाच उपाय आहे. धुरासाठी तो सुचवला गेला, पण त्यानं मुलंही वाचतात. ते होत नसेल तर स्वयंपाकघराच्या दाराला कमरेइतकं अर्धं दार बसवावं. त्यातून आईला मूल दिसतं, मुलाला आई दिसते, आणि मधे चूल येत नाही. मूल भाजलंच तर पहिलं काम म्हणजे वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरणं. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांतलं काहीही लावू नये. त्यानं उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरला जखम नीट पाहता येत नाही.

विजेबद्दल थोडक्यात. चैत्र-वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा या भागात घरोघरी पत्र्याचे कूलर चालतात. पत्रा, पाणी, जुनी वायर आणि ओल्या फरशीवर अनवाणी लेकरू असा तो सगळा मामला असतो. कूलरला तीन पिनांचा प्लग आणि घराला खरं अर्थिंग हवं. तिसरी पिन मोडून टाकणं आपल्याकडे सर्रास चालतं, ते बंद व्हायला हवं. मीटरजवळ ३० मिलीअँपियरला वीज तोडणारा आरसीसीबी बसवला तर वायर सोलली तरी शॉक जीवघेणा होण्याआधी वीज जाते. पडण्याचा आणि अंगावर काही कोसळण्याचा धोकाही असाच थोडक्यात : जड कपाट आणि टेबलावरचा टीव्ही भिंतीला पट्टीनं बांधावा. जिन्याच्या गजांमध्ये दहा सेंटिमीटरहून जास्त फट नको, आणि ते उभे असावेत, आडवे नकोत, कारण आडव्या गजांवर मूल चढतं. उरलेल्या शहाबादी फरश्या भिंतीला उभ्या टेकवून ठेवलेल्या असतात, त्या आडव्या करून ठेवाव्यात.

विष आणि घशात अडकणं या दोन गोष्टींत आपल्या शेतीचा थेट संबंध येतो. तूर, सोयाबीन, ऊस, कापूस यांसाठी आणलेली कीटकनाशकं घरात मुक्कामाला असतात. उरलेलं औषध शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवण्याची पद्धत फार घातक आहे, कारण मुलाला बाटलीचा आकार ओळखीचा असतो. मूळ डब्यात, घराबाहेर, कुलूप लावलेल्या पेटीत, एवढंच त्याचं स्थान. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांतलं काही मुलानं प्यायलं तर ओकारी काढायची नाही. ओकताना ते फुप्फुसात उतरतं आणि खरी इजा तिथंच होते. डबा सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठावा. १०८ ची रुग्णवाहिका कर्नाटकात २००८ पासून आहे. दिल्लीच्या एम्समधलं विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर सल्ला देतं. घशाबद्दल इतकंच की फुटाणे, शेंगदाणे, सीताफळाच्या आणि बोराच्या बिया, चिंचोके हे चार वर्षांच्या आत मुलाच्या हाती देऊ नयेत. भारतात मुलांच्या श्वासनलिकेतून दुर्बिणीनं काढाव्या लागणाऱ्या वस्तूंत शेंगदाणा वरच्या क्रमांकावर असतो. शेंगदाण्याचा कूट द्यावा, दाणा नको. खेळण्यांतली आणि रिमोटमधली बटणासारखी गोल बॅटरी मुलानं गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, म्हणून तिथं सकाळपर्यंत वाट पाहणं चालत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो जुन्या काळाचा. वाड्यात आड होता, धान्याचं पेव होतं, चूल जमिनीवर होती, तरी पिढ्यान् पिढ्या वाढल्याच ना? वाढल्या, पण ज्या वाढल्या त्याच आज बोलायला आहेत. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार मुलांतली १२९ वर्षाच्या आत जात होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. हगवण, गोवर, धनुर्वात यांनी इतकी मुलं जात असताना हौदात गेलेलं एखादं मूल वेगळं मोजलं जात नव्हतं. लसी आल्या, मीठ-साखरेचं पाणी आलं, रोग मागे हटले, तसे हे मृत्यू उघडे पडू लागले. एकत्र कुटुंबात लक्ष ठेवायला माणसं जास्त असत हे खरं. पण घरात पाच माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. सण, लग्न, बारसं अशा गर्दीच्या घरात मूल नजरेआड होणं सोपं असतं, अवघड नव्हे. जुन्या घरांतल्या काही गोष्टी मात्र आपण विनाकारण टाकल्या. उंच उंबरा, अर्धं दार, दाराच्या माथ्यावरची कडी, छताला टांगलेलं शिंकं या सगळ्या मुलाच्या हातापासून वस्तू दूर ठेवणाऱ्या रचनाच होत्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : पडल्याशिवाय मूल शिकत नाही, सगळं बंद करून टाकलं तर ते भित्रं होईल. यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. मुलानं पडावं, धावावं, मातीत लोळावं, पायरीवर चढून उतरावं. पण शिकण्यासाठी चूक सोसता यावी लागते. ओट्यावरून घसरून गुडघा फुटला तर मूल काही शिकतं. संपात पडलेलं मूल शिकायला उरत नाही. खरं म्हणजे घर सुरक्षित केलं की मुलाला जास्त मोकळीक देता येते. ज्या घरात हौद उघडा आणि चूल जमिनीवर, तिथंच मुलाला कडेवर अडकवून किंवा बाजेच्या पायाला बांधून ठेवावं लागतं, आणि दिवसभर ‘नको, नको’ ऐकवावं लागतं.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि त्याला उत्तर देताना सावध राहायला हवं. जाळी, कडी, तोटी, अर्धं दार यांचा खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्यातला आहे. भाड्याच्या घरात घरमालकाला तो करायला लावणं अवघड असतं, म्हणून न्यूयॉर्कनं ती जबाबदारी नियमानं मालकावर टाकली आणि आपल्या नगरपालिकांनीही संपाच्या जाळीबाबत तसं करावं. पण ज्या बाईचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली आहे आणि जी तुरीच्या काढणीला किंवा बांधकामावर पहाटे निघते, तिला घर बदलायला सांगण्यात अर्थ नाही. तिच्यासाठी लागते ती मुलाला सांभाळणारी जागा. इथं बांगलादेशाचा अनुभव मोलाचा आहे. तिथं ‘आँचल’ नावाची केंद्रं गावोगाव चालतात. गावातलीच प्रशिक्षित बाई सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत पाच वर्षांच्या आतली वीस-पंचवीस मुलं सांभाळते. आया कामात सर्वाधिक गुंतलेल्या असतात आणि मुलं सर्वाधिक बुडतात ते हेच तास. या केंद्रांत येणाऱ्या मुलांतलं बुडणं ऐंशी टक्क्यांहून अधिक घटल्याचं अभ्यासात दिसलं, आणि २०२२ साली तिथल्या सरकारनं अशी आठ हजार केंद्रं उघडायला मंजुरी दिली. कुणी म्हणेल, ही तर शेवटी नजरच झाली. हो, पण चूल, पाणी आणि शेत सांभाळता सांभाळता ठेवलेली ही नजर नाही. मुलांकडे बघणं एवढंच जिचं काम, आणि त्याचा मोबदला मिळतो, अशा बाईची ती नजर आहे.

आपल्याकडे पोकळी नेमकी इथंच आहे. १९७५ पासून अंगणवाड्या आहेत, पण अंगणवाडीत रोज बसायला येतं ते तीन वर्षांपुढचं मूल. एक ते तीन या सर्वांत धोक्याच्या वयातल्या मुलाला तिथून आहाराचं पाकीट मिळतं, सांभाळ मिळत नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली तर त्यांना सांभाळायला एक मजूर बाई नेमण्याची तरतूद केली होती. कर्नाटक सरकारनं २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात एक पाऊल पुढं टाकून चार हजार ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ म्हणजे पाळणाघरं उघडण्याची घोषणा केली. ती योजना चांगली आहे. ती तुरीच्या काढणीच्या आणि सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत, शेतावरच्या कामाच्या वेळेनुसार चालते का, एवढी एक गोष्ट ग्रामसभेनं विचारत राहायला हवी. कार्यालयीन वेळेत उघडणारं पाळणाघर पहाटे निघणाऱ्या बाईच्या कामाचं नाही.

उरलेल्या घरांसाठी नवी यंत्रणाही लागणार नाही. देशात २०१८ पासून आशा कार्यकर्ती मूल तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचं असताना घरी जाते, वजन पाहते, आहार सांगते. या पाचांतल्या एका भेटीत तिनं घरभर एक फेरी मारावी. जगभरातल्या अठ्ठ्याण्णव अभ्यासांचा एकत्र आढावा २०१२ साली निघाला, त्यात घरी येऊन समोरासमोर सांगणं आणि जोडीला वस्तू हातात देणं यानं लोकांच्या घरातली सुरक्षितता वाढते असं आढळलं. इजा किती घटतात याचा पुरावा त्या मानानं कमी आहे, पण दिशा तीच आहे. भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद इथल्या मराठी बोलणाऱ्या घरांत हे मराठीतूनच सांगितलं गेलं पाहिजे. आईला मिळणाऱ्या तायी कार्डावरची कन्नड सूचना आजीला वाचता येत नसेल, आणि दिवसभर मूल आजीकडेच असेल, तर ती सूचना पोचलीच नाही असं समजावं. आशाताईंच्या पिशवीत एक वरची कडी, सॉकेटची दोन टोपणं आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याचा नंबर असावा. भेट नवव्या महिन्याची निवडावी. तेव्हा लेकरू नुकतं रांगायला लागलेलं असतं, आणि ते पायांवर उभं राहून संपापर्यंत पोचण्याआधी जाळी बसवायला घराला दोन-तीन महिने मिळतात.